कुंभारणीचे घर

आमच्या कोकणातल्या घराला पुढे लांबलचक पडवी होती. तिच्या एका खांबावर, माझा हात जेमतेम पोहोचेल एवढ्या उंचीवर, दर वर्षी फाल्गुनाच्या सुमारास एक माशी येऊन घर बांधी. रंगाने ती पिवळसर तांबूस असे. कंबर तर इतकी बारीक, की पुढचे शरीर आणि मागचे शरीर कोणी दोऱ्याने जोडून ठेवले आहे असे वाटावे. आमच्याकडे तिला कुंभारीण म्हणत, आणि ते नाव तिला शोभूनही दिसे. विहिरीपाशी सांडलेल्या पाण्याने भिजलेली माती ती तोंडाने उकरी, तिची मिरीएवढी गोळी करी आणि ती घेऊन खांबाकडे येई. तेथे ती गोळी लांबवून तिची पट्टी करायची, एका पट्टीवर दुसरी बसवायची, असे करता करता बोराएवढे एक मडके तयार होई. त्या मडक्याला बाहेर वळलेला काठ आणि इवलीशी मानही असे. चाक नाही, थापटणे नाही; तरी मडके कोठे वाकडे नसे.

मडके झाले, की ती परसात जाई आणि हिरवी आळी पायांत धरून आणी. आळी मडक्यात सरकवायची, की पुन्हा परसात. असे बरेचदा झाल्यावर ती मडक्याचे तोंड मातीने लिंपून टाकी आणि निघून जाई. मग कित्येक दिवस तेथे काहीच घडत नसे. पुढे केव्हातरी एके सकाळी मडक्याला भोक पडलेले दिसे आणि मडके रिकामे असे.

आत काय होते, हे मी आजीला विचारले. आजी त्या वेळी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "अरे, आत त्या आळीचे तप चालते. भृंग तिला कोंडून ठेवतो आणि बाहेरून गुणगुणतो. त्या आवाजाने आळी भिते. मग तिला खाणे सुचत नाही, झोप सुचत नाही. रात्रंदिवस एक भृंगच डोळ्यांपुढे. अशा ध्यासाने एक दिवस ती स्वतःच भृंग होते आणि घर फोडून उडून जाते."

ही काही आजीने रचलेली गोष्ट नव्हती. कीटक आणि भृंग यांचा हा दृष्टांत आपल्याकडे शेकडो वर्षे कीर्तनांतून आणि पोथ्यांतून सांगितला जात आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत ही माशीसुद्धा आहे. आजीची या गोष्टीवर पूर्ण श्रद्धा होती. माझीही होती, परंतु मला ते तप डोळ्यांनी पाहावयाचे होते. एके दुपारी सर्व मंडळी निजली असता मी चौरंगावर चढलो आणि बांबूच्या कामटीने ते मडके उकरले.

मडके फुटले आणि आतल्या आळ्या पडवीच्या जमिनीवर पडल्या. मी मोजल्या. त्या सात होत्या. सगळ्या शिथिल होऊन पडल्या होत्या. परंतु एकीला कामटीचे टोक लावताच तिने शेपटीकडचा भाग किंचित हलविला. म्हणजे त्या मेलेल्या नव्हत्या. त्या जिवंत आहेत असे म्हणावे, तर चालण्याचे त्राण एकीतही नव्हते. मी घाबरलो. आजी जागी होऊन बाहेर आली तेव्हा मी धीर करून तिला म्हटले, "आजी, भृंग तर एकच बाहेर येतो ना? मग आत आळ्या सात कशाला?"

आजीने त्या आळ्यांकडे पाहिले, फुटलेल्या मातीकडे पाहिले. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. "तू तिचे घर मोडलेस," एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिने संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणे टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न शाळेत गुरुजींना विचारला. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग ते म्हणाले, "मला ठाऊक नाही. मी कधी उघडून पाहिले नाही. पण हाच प्रश्न एका शाळामास्तराला पडला होता, आणि तो सुटेपर्यंत त्याने त्याचा पिच्छा सोडला नाही." त्यांनी कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढले. मूळ पुस्तक फ्रेंच होते, त्याचे ते भाषांतर. मला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. म्हणून शाळा सुटल्यावर रोज थोडे थोडे गुरुजींनी मला ते तोंडी सांगितले. पुढे मोठा झाल्यावर मी ते स्वतः वाचले. त्या मास्तराचे नाव झाँ आन्री फाब्र.

फाब्रचा जन्म १८२३ सालच्या डिसेंबरात दक्षिण फ्रान्समधील सें-लेओं नावाच्या एका खेड्यात झाला. घरची गरिबी इतकी, की काही वर्षे त्याला आजोबा-आजींच्या घरी डोंगरातल्या वस्तीवर ठेवावे लागले. तेथे असताना या पाच-सहा वर्षांच्या मुलाला एक शंका आली. आपल्याला सूर्याचा प्रकाश दिसतो तो कशाने? तोंडाने, की डोळ्यांनी? तुम्हांला हसू येईल; परंतु त्याने काय केले ते पाहा. त्याने सूर्याकडे तोंड केले, तोंड उघडे ठेवले आणि डोळे मिटले. प्रकाश नाहीसा झाला. मग डोळे उघडून तोंड मिटले. प्रकाश परत आला. पुन्हा एकदा तसेच करून पाहिले. आता खात्री पटली! संध्याकाळी त्याने हा शोध घरात सांगितला तेव्हा सगळे खदखदून हसले. आजी तेवढी मायेने नुसती गालात हसली. गुरुजींनी हे सांगितले त्या दिवशी मला आमच्या आजीची फार आठवण झाली, आणि मी घराकडे पळत सुटलो.

त्याचे पुढचे शिक्षण फार हालांत झाले. वडिलांचा कोठेच जम बसेना, म्हणून या मुलाने जत्रेत लिंबे विकली, मजुरी केली. अखेर अव्हिन्यों गावच्या अध्यापकशाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि एकोणिसाव्या वर्षी तो कार्पांत्रा येथे मास्तर झाला. वर्षाचा पगार ७०० फ्रँक. तेथे तो मुलांना जमीन मोजण्याची विद्या शिकवावयास माळावर नेई. मुले मोजता मोजता मध्येच खाली बसत आणि गवताच्या काडीने काहीतरी चोखत. पाहतो तो दगडांवर एका रानमाशीने मातीची घरे बांधली होती आणि त्यांत मध होता! मास्तरांनीही मध चाखला आणि त्या माशीची माहिती हवी म्हणून कीटकांवरचे एक पुस्तक विकत घेतले. त्या पुस्तकाला त्याचा महिन्याचा पगार पडला. त्या महिन्यात घर कसे चालविले असेल कोण जाणे.

काही वर्षे कॉर्सिका बेटावर काढून फाब्र १८५३ साली अव्हिन्योंच्या शाळेत आला. एका हिवाळ्याच्या रात्री, घरची माणसे निजल्यावर, शेगडीपाशी बसून तो लेओं द्युफूर या वृद्ध कीटकशास्त्रज्ञाचा एक निबंध वाचत होता. जमिनीत बीळ करून राहणारी एक गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी भुंगेरे साठवून ठेवते. ते भुंगेरे मेलेले असूनही कुजत नाहीत, वाळत नाहीत, कित्येक आठवडे ताजे राहतात. तेव्हा माशीच्या विषात प्रेत टिकविण्याचे काही द्रव्य असले पाहिजे, असे द्युफूरने लिहिले होते. द्युफूर मोठा विद्वान. दुसरा कोणी असता, तर वा, काय चमत्कार आहे, असे म्हणून दिवा मालवून झोपला असता.

फाब्रला मात्र झोप लागली नाही. गावाबाहेर मातीच्या उभ्या दरडींत त्याच जातीतल्या एका गांधीलमाशीची बिळे होती. ती माशी सोंड असलेले भुंगेरे पकडी. तिच्याहून जड असलेला तो भुंगेरा घेऊन ती दरडीवर कशीबशी चढे. फाब्रने बिळे खणून ते भुंगेरे घरी आणले. त्यांचे सांधे मऊ होते. त्यांच्या पोटाचे व्यवहारही अजून चालू होते. त्याने एका भुंगेऱ्याला विजेच्या घटाच्या तारा लावल्या. पाय आखडले! दुसऱ्या रीतीने मारलेल्या भुंगेऱ्यांना हीच वीज लावली, तर मरणानंतर दोन-तीन तासांनी त्यांच्यात काहीही हालचाल दिसेना. इकडे माशीने दंश केलेले भुंगेरे कित्येक दिवसांनीही पाय हलवीत होते. मग द्युफूर म्हणतो तसे ते प्रेत नव्हतेच. ते भुंगेरे जिवंत होते. फक्त लुळे झाले होते.

आता दंश कोठे होतो हे पाहावयाचे. जिवंत भुंगेरे शोधण्यात फाब्रने दोन दिवस रान तुडविले, तेव्हा तीनच मिळाले, तेही मोडके. एक भुंगेरा बिळाच्या तोंडाशी ठेवला, तर माशी त्याच्याकडे ढुंकून पाहीना. दोघांना एका बाटलीत घातले, तर माशीच भेदरून गेली. अखेर त्याला एक युक्ती सुचली. माशी शिकार घेऊन बिळाशी आली, की चिमट्याने तिची शिकार हळूच ओढून घ्यायची आणि त्याच क्षणी तेथे जिवंत भुंगेरा टाकायचा. ही युक्ती लागू पडली. शिकार सुटलेली पाहून माशी रागाने वळली, तिने तो नवा भुंगेरा धरला, पाठीवर पाय देऊन त्याच्या छातीचा सांधा उघडा केला आणि पायांच्या पहिल्या व दुसऱ्या जोडीमध्ये नांगी खुपसली. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सारे संपले. पाय हलविणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी नेमक्या तेथेच असतात आणि या जातीच्या भुंगेऱ्यांत त्या अगदी एकमेकींजवळ असतात. म्हणून एक घाव पुरतो. मांस पिलाला ताजे मिळाले पाहिजे आणि शिकारीने पिलाला चिरडताही कामा नये, अशी ही दुहेरी सोय आहे. १८५५ साली फाब्रने हा शोध प्रसिद्ध केला. आपली चूक दाखविली गेली, तरी द्युफूरने त्याला पत्र पाठवून उत्तेजन दिले. त्या म्हाताऱ्याचे मला फार कौतुक वाटते.

आणि माझ्या सात आळ्या? फ्रान्समध्येही आमच्या कुंभारणीची एक चुलत बहीण आहे. तिची मडकी घरी आणून आतले पिलू वाढविण्याचा फाब्रने पुनःपुन्हा प्रयत्न केला. दर वेळी पिलू मरे. कारण काही समजेना. शेवटी त्याने मडके समोरून न फोडता त्याच्या कुशीला चाकूच्या टोकाने अलगद एक खिडकी पाडली, तेव्हा उलगडा झाला. कुंभारीण आपले अंडे आळ्यांवर ठेवीतच नाही. ते मडक्याच्या छताला कोळ्याच्या धाग्याहून नाजूक अशा तंतूने टांगलेले असते! या आळ्या पुरत्या लुळ्या नसतात. त्या वळवळतात आणि त्यांच्यात सापडले तर अंडे चिरडून जाईल. अंड्यातून निघालेले पिलूही डोके खाली करून वरूनच लोंबकळते आणि खालची आळी कुरतडते. खाली जास्त वळवळ झाली, की ते आपल्या अंड्याच्या कवचाच्या नळीतून वर सरकते. पुरेसे बळ आले म्हणजे मगच ते खाली उतरते.

म्हणजे आळीचा भृंग होत नव्हता. भृंगाचे मूल त्या आळ्या खाऊन मोठे होत होते. आणि मी जेव्हा कामटी खुपसली, तेव्हा तो तंतू तुटला होता. ते अंडे माझ्या पायाशी कोठेतरी पडले असेल. मला ते दिसलेही नाही.

पाश्चरची एक हकीगत गुरुजी नेहमी हसत सांगत. १८६५ साली रेशमाच्या किड्यांवर रोग पडला, त्याचा शोध करण्यासाठी थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर फाब्रकडे आला. त्याने रेशमाचा कोश कधी पाहिलेला नव्हता. फाब्रने कोश आणून दिला. पाश्चरने तो कानाशी धरून हलविला आणि आत काही आहे काय, असे आश्चर्याने विचारले! एवढे अज्ञान घेऊन आलेल्या माणसाने पुढे त्या रोगावर उपाय शोधला. फाब्रने त्यावरून मनाशी खूणगाठ बांधली, की आपणही आधी पुस्तकांत शोधत बसू नये, कीटकालाच विचारावे.

परंतु कीटकाला विचारून पोट भरत नाही. मंजिष्ठाच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची रीत फाब्रने वर्षानुवर्षे खपून बसविली. तिच्यावर चार पैसे मिळतील आणि मग निश्चिंतपणे कीटक पाहता येतील, असे त्याचे स्वप्न होते. तोच १८६८ साली दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो रंग डांबरातल्या द्रव्यापासून तयार केला आणि ते स्वप्न विरून गेले. पुढे त्याने मुलींच्या वर्गात फुलापासून फळ कसे धरते हे शिकविले. त्या काळी काही लोकांना हे भयंकर वाटले. त्याच्याविरुद्ध गहजब झाला, घरमालकिणींनी त्याला बिऱ्हाड सोडावयास लावले आणि १८७० साली बायकामुलांसह तो अव्हिन्योंबाहेर पडला. हाताशी पैसा नव्हता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल हा त्याचा स्नेही. रानात वनस्पती गोळा करताना त्यांची मैत्री जमली होती. मिलने कसलाही कागद न करता ३००० फ्रँक पाठविले. शाळकरी मुलांसाठी पुस्तके लिहून फाब्रने ते कर्ज फेडले.

मग १८७७ साली त्याचा मुलगा झ्यूल सोळाव्या वर्षी वारला. बापाबरोबर माश्या आणि फुले शोधीत हिंडणारा हा मुलगा होता. फाब्रने तीन गांधीलमाश्यांच्या जातींना त्याचे नाव दिले. या प्रसंगी गुरुजी फार बोलले नाहीत, आणि मीही येथे लिहीत नाही.

१८७९ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सेरिन्यां गावाजवळ त्याने एक घर आणि त्याला लागून अडीच एकरांच्या आसपास जमीन घेतली. जमीन खडकाळ, काटेरी, कोणी फुकट घेऊ नये अशी. तिकडच्या बोलीत अशा पडीक माळाला 'हर्मास' म्हणतात. फाब्रला ती स्वर्ग वाटली, कारण काटेरी झुडपांवर आणि उन्हात तापलेल्या मातीत नाना जातींच्या माश्या येत. तेथे तो उरलेली छत्तीस वर्षे राहिला आणि कीटकांच्या आठवणींचे दहा खंड त्याने लिहिले. शेणाचा गोळा लोटणारा भुंगेरा, सुगंधाच्या मागाने अंधारातून मादीपाशी येणारे पाखराएवढे पतंग, एकीच्या मागे एक अशा सात दिवस कुंडीच्या काठावर गोल फिरत राहिलेल्या आळ्या, हे सारे त्यांत आहे.

त्याच्या तरुणपणची एक गोष्ट मला विशेष आवडते. एकदा तो सकाळपासून एका ओहोळाच्या काठी दगडावर बसून गांधीलमाशीची वाट पाहत होता. द्राक्षे तोडावयास निघालेल्या तीन बायांनी जाताना त्याला पाहिले. संध्याकाळी त्या परतल्या, तरी हा तेथेच, तसाच. बिचाऱ्याचे डोके फिरले असावे, असे म्हणून त्यांनी देवाचे नाव घेतले आणि छातीवर क्रूस काढला.

तो चुकला नाही असे मात्र नव्हे. भर दुपारी झाडावर किर्र ओरडणाऱ्या सिकाडा नावाच्या कीटकाला ऐकू येते काय, हे पाहण्यासाठी त्याने गावातल्या उत्सवाच्या दोन तोफा आणवून झाडाखाली उडविल्या. कीटकांचे गाणे थांबले नाही. तेव्हा ते बहिरे असावेत, असे त्याने ठरविले. आज आपल्याला माहीत आहे, की सिकाडाला पोटावर ऐकण्याचा पडदा असतो आणि तो त्याच्याच जातीच्या सुराला जुळलेला असतो. तोफ कितीही मोठी असली, तरी ती त्याच्या सुरात नव्हती! गांधीलमाशीचा घाव कधी चुकत नाही, असेही त्याला वाटे. परंतु अमेरिकेतील जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने १८९८ साली दाखविले, की घाव पुष्कळदा इकडेतिकडे होतो, कधी शिकार मरतेही, आणि पिलू तरीसुद्धा वाढते. डार्विनने आपल्या ग्रंथात फाब्रला अतुलनीय निरीक्षक म्हटले. पण डार्विनचा उत्क्रांतिवाद फाब्रला शेवटपर्यंत पटला नाही. ज्याने द्युफूरवर विश्वास ठेवला नाही, त्याने स्वतःवर थोडा अधिकच ठेवला, असे मला वाटते. तरी डार्विनने सुचविलेला एक प्रयोग त्याने मन लावून केला. माश्यांवर रंगाची खूण करून, त्यांना पेटीत घालून, पेटी गरगर फिरवून त्याने त्या दूर नेऊन सोडल्या. दिशा चुकावी हा हेतू. तरी त्यांतल्या कितीतरी घरी परत आल्याच.

कीर्ती आली ती फार उशिरा. १९१३ साली फ्रान्सचे अध्यक्ष पॉइन्कारे त्याला भेटावयास सेरिन्यांला आले, तेव्हा तो नव्वदीला टेकला होता. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी तो हर्मासमध्येच वारला. ते घर आणि तो माळ आता संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर, आश्विनात, कुंभारीण आमच्या पडवीत पुन्हा आली. या वेळी मी मडके फोडले नाही. तिने तोंड लिंपल्यावर दोन दिवस थांबून, सुरीच्या टोकाने मडक्याच्या कुशीला तांदळाएवढी फट पाडली. तसबिरीच्या फुटक्या काचेचा तुकडा ओल्या मातीने तिच्यावर बसविला. कंदील वर धरावयाला कोणीतरी हवे होते. मी आजीला हाक मारली. ती आली, परंतु आधी तिने मला, आतला जीव दुखावणार नाही ना, असे दोनदा विचारून घेतले.

आत पिवळसर पिलू लोंबकळत होते. त्याच्या खाली एक आळी अर्धी संपली होती. आजीने चष्मा सारखा केला आणि पुष्कळ वेळ पाहिले. मी श्वास रोखून उभा होतो. आता ती काय म्हणेल? तिची गोष्ट मी मोडली होती. घर मोडण्यापेक्षा ते मोठे पाप होते की काय, असे मला वाटू लागले. बऱ्याच वेळाने तिने कंदील खाली घेतला.

"म्हणजे आळीचीच भृंग झाली की रे," ती म्हणाली. "सातही आळ्या त्या पिलाच्या अंगी लागल्या."

मला यावर काही उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो माझ्या आधीच आजी चौरंगावर बसलेली होती, आणि काचेला नाक लावून आत बघत होती.